कोपऱ्यातल्या बेसिनखालची बादली

पाटोळेबाई कॉलेजचं पाणी पीत नसत. नगरच्या बाहेर, उघड्या माळावर आमचं कॉलेज. मार्चपासूनच प्रयोगशाळेच्या खिडक्यांच्या गजांना हात लावता येत नाही आणि दोन तासांच्या मध्ये मुलं नळांपाशी गर्दी करतात. बाई घरून आणलेली स्टीलची बाटली पिशवीतून काढत, उंबरा ओलांडून व्हरांड्यात जात, चार घोट घेत आणि झाकण घट्ट लावून बाटली पुन्हा पिशवीत ठेवत. ती संपली की घरी पोचेपर्यंत तहानलेल्या राहत. एकदा मी माझी बाटली पुढे केली. कुठून भरली, त्यांनी विचारलं. होस्टेलच्या नळावर, मी म्हणाले. "राहू द्या मॅडम," त्या म्हणाल्या, आणि बाटलीकडे न बघता बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला थोडा राग आला. पण राग आला की मी गप्प बसते, तशी बसले.

एस्तेर पाटोळे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. बुटक्या, बारीक. साडी पिना लावून घट्ट बसवलेली आणि साडीखाली मुलांच्या शाळेच्या गणवेशातले काळे बूट. पायावर काही सांडू नये म्हणून ते बूट त्या बारा महिने घालत. सकाळी आल्या की आधी रबरी हातमोजे फुग्यासारखे फुगवून कानाशी धरत. हवा सुटल्याचा आवाज आला तर मोजा कचऱ्यात. बाटली उचलताना तिचं नाव मोठ्याने वाचत, ओतताना वाचत आणि जागेवर ठेवताना पुन्हा वाचत. "सल्फ्युरिक. सल्फ्युरिक. सल्फ्युरिक." मुलं मागून नक्कल करत. भित्री भागूबाई हे त्यांचं नाव प्रत्येक नवी बॅच जुनीकडून शिकून घेई. बाईंना ते माहीत होतं. "भ्यायला काय लागतंय," त्या म्हणत. "फुकटचं हाय. मग कंजुशी कशाला?"

एकदा कपाटातल्या एका बाटलीचं लेबल गळून पडलं. दुसऱ्या कोणी वास घेऊन, रंग बघून अंदाज केला असता. बाईंनी ती बाटली वाळूच्या तसराळ्यात ठेवून वर खडूने लिहिलं, "पाहुणा". पाहुणा मी येण्याआधीपासून दोन वर्षं तिथे मुक्कामाला होता. सोमवारी कुलूप उघडलं की त्या आधी त्याच्याकडे जात, झाकण बघत, काच बघत आणि मला सांगत, "पाहुना बरा हाय."

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरी मराठी बोलत होतो, पण रसायनशास्त्र मला मराठीत येत नव्हतं. द्रावणातून एखादा पदार्थ घट्ट होऊन खाली बसतो, त्याला पुस्तकात अवक्षेप म्हणतात हे मला माहीत होतं, पण तोंडातून प्रेसिपिटेटच यायचं. बाई म्हणायच्या, साका. "साका बसला का बघा." तो शब्द मी त्यांच्याकडून घेतला. त्यांनी माझी चेष्टा केली नाही. माझा भित्रेपणा मात्र त्यांच्या लगेच लक्षात आला होता. विभागप्रमुख सर समोरून आले की मी वही छातीशी धरते, फोन वाजला की तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसते, हे सगळं. एक दिवस टेस्टट्यूब पुसता पुसता, मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं भ्या येगळं हाय, मॅडम. तुमी मानसाला भिता. मानसाला भ्यायचं आन बाटलीला न्हाई, ह्ये उलटं झालं. बाटली चुकीला माफी देत न्हाई."

त्या हिवाळ्यात कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि सरांनी रसायनांची खोली रिकामी करायला घेतली. सगळ्यात मागे, कांबळ्यात गुंडाळलेली, एक मोठी तपकिरी बरणी निघाली. आत पाचेक लिटर द्रव. झाकणाखालच्या काचेवर पिवळट कड. चिठ्ठीवर बाईंचं अक्षर: "युरेनियम. ॲसिडमध्ये. ओतू नये."

बॉम्बचं असतं तसलं ते नव्हतं. पूर्वी पदार्थातलं सोडियम ओळखायला युरेनियमच्या एका क्षाराचं पिवळं द्रावण वापरत. प्रयोग झाल्यावर उरलेलं सगळं या बरणीत साठलं होतं. त्याचे किरण फारच थोडे. पण पोटात गेलं तर मूत्रपिंडावर बसणारं विष, जड धातूंचं असतं तसं. ज्या सरकारी खात्याकडे असल्या वस्तू जातात, त्याला सरांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं की घन स्वरूपात, बंद डब्यात, नोंदीसह दिलंत तर नेऊ, द्रव नेता येणार नाही. म्हणजे पाण्यातलं युरेनियम काढून त्याचा कोरडा साका करायचा होता. ते काम सरांनी बाईंना आणि मला दिलं. दोन आठवडे.

पहिल्या दिवशी बाईंनी मला समोर बसवलं आणि एका चंचुपात्रात थोडं द्रावण घेऊन त्यात अमोनिया थेंबाथेंबाने सोडला. थेंब पडला की तिथे पिवळा ढग उठायचा. काचेच्या कांडीने हलवलं की नाहीसा व्हायचा. पुन्हा थेंब, पुन्हा ढग, पुन्हा काही नाही. "ॲसिड हाय तवर त्यो टिकत न्हाई," बाई म्हणाल्या. "ॲसिड त्याला पान्यात धरून ठेवतं. घाई करायची न्हाई." पंधरा-वीस मिनिटांनी एक थेंब असा पडला की ढग विरला नाही. मग दुसरा. पीएच पेपरचा रंग लालसर होता, तो पिवळा झाला, मग हिरवट. पाहता पाहता सगळं पात्र हळदीच्या दुधासारखं गढूळ झालं. तासाभराने पिवळा साका खाली बसला आणि वर निवळशंख पाणी राहिलं. त्या पाण्यातला एक थेंब बाईंनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घेतला, त्यावर फेरोसायनाइडचा थेंब टाकला. तपकिरी डाग पडला असता तर युरेनियम उरलंय असं समजायचं. डाग पडला नाही. ते काम चालू असताना त्यांचे ओठ सारखे हलत होते. बाटल्यांची नावं म्हणत होत्या की प्रार्थना, मला कळलं नाही.

वरचं ते पाणीसुद्धा त्यांनी ओतू दिलं नाही. एनॅमलच्या ट्रेमध्ये घालून गच्चीवर उन्हात वाळवायचं, तळाशी उरेल ती खरपुडीही डब्यात. मी विचारलं, यात काहीच नाही ना आता? त्या म्हणाल्या, "निवळ दिसतंय म्हंजी निघालंय, असं न्हाई."

या सगळ्याला दिवस लागत होते. सर रोज दारात येऊन घड्याळ बघत. चौथ्या दिवशी बाई गावी गेल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात नात्यातलं कोणी वारलं होतं. जाताना त्यांनी मला सांगितलं, बरणीला हात लावू नका, मी उद्या हाय. दुपारी सर आले. अर्धं तरी संपलंय का, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ती हो होती की नाही, माझं मलाच सांगता येणार नाही. ते म्हणाले, "आज एक लिटर उरका. त्यात काय एवढं? बाईंचं ऐकत बसलात तर समिती येऊन जाईल. आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकांची यादी माझ्याकडेच आहे, लक्षात आहे ना?" ते हसून म्हणाले. मीही हसले.

वाफा बाहेर ओढणाऱ्या धुराड्याचा पंखा बंद पडला होता. अमोनियाने मला खोकला येतो. आणि फळीवर बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा होता, ज्यावर बाईंनीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "आधी सोडा." आमच्या प्रयोगशाळेचा हा पहिला नियम. कुठलंही ॲसिड टाकायचं असेल तर त्यात खायचा सोडा घालायचा, फेस थांबेपर्यंत. मग ते तयारीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओतायचं. दुसऱ्या बेसिनमध्ये नाही. पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा हे झोपेत सांगतील. ॲसिड काढायचं आहे, तर सोड्याने का नको?

मी लिटरभर द्रावण घेतलं आणि चमच्याचमच्याने सोडा घातला. फेस आला, थांबला. पीएच पेपर बाईंच्याइतकाच हिरवा झाला. साका मात्र जवळजवळ नाही. तळाला चिमूटभर. मला वाटलं, या वेळी द्रावणात मुळातच कमी होतं. फरशीवर थेंब घेतला, फेरोसायनाइड टाकलं. डाग नाही. गाळलं आणि ओतलं. गच्चीवर ट्रे न्यायचा राहिला, कारण सर पुन्हा येतील असं वाटत होतं. अर्ध्या लिटरचं एक पात्र ओतलं, मग दुसरं. दुसरं संपत आलं तेव्हा पांढऱ्या चिनीमातीवर एक फिकट पिवळा ओघळ दिसला.

मी नळ सोडला नाही. हात पुसले. दार लावून घेतलं आणि पुस्तक काढलं. त्यात दोन ओळींत दिलेलं होतं, मी ते पदवीच्या परीक्षेत लिहूनही आले होते. सोड्यातलं कार्बोनेट युरेनियमला असं धरतं की ते खाली बसतच नाही. ॲसिडमध्ये विरघळतं तसंच सोड्यातही विरघळलेलं राहतं. फेरोसायनाइडलाही ओळख देत नाही.

मुलींच्या होस्टेलमध्ये रेक्टरबाईंच्या मदतीला म्हणून मला एक खोली दिलेली होती. माझ्या खिडकीतून प्रयोगशाळेची मागची भिंत दिसते, भिंतीलगत सांडपाण्याचा शोषखड्डा, आणि तिथून दोनशे पावलांवर होस्टेलचं बोअर. त्या संध्याकाळी मी ती पावलं मोजली. पाथर्डी-शेवगावकडच्या मुली आमच्याकडे जास्त, आईवडील ऊसतोडीला गेले की वर्षातले सहा महिने त्यांना घर म्हणजे होस्टेलच. जेवणाच्या आधी त्या नळावर बाटल्या भरत होत्या, एकमेकींवर पाणी उडवत होत्या. एकीने मला हाक मारून विचारलं, "मॅडम, तुमची भरून देऊ?" मी म्हणाले, नको, आहे माझ्याकडे. पिऊ नका, असं मला म्हणता आलं नाही. खड्ड्यातलं पाणी एका दिवसात बोअरला पोचत नाही, हे मी स्वतःला समजावत होते. तरी त्या रात्री जेवताना मला एक घोट पाणी गेलं नाही, आणि भोवती पन्नास मुली पाणी पीत होत्या.

सकाळी बाई आल्या. मोजे फुगवले, कानाशी धरले. पाहुण्याला बघून आल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि मोजे खाली ठेवले.

मी सांगितलं. सोडा, फेस, डाग नाही, बेसिन. किती ओतलं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एक पात्र.

बाईंनी कमरेच्या जुडग्यातून एक छोटी किल्ली काढली आणि कोपऱ्यातल्या बेसिनखालच्या कपाटाचं कुलूप उघडलं. ते कपाट उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. आत पाईप नव्हता. जिथे पाईप असायला हवा तिथे रबराचं तोंड होतं आणि त्याखाली निळी प्लास्टिकची बादली. बाईंनी ती दोन्ही हातांनी बाहेर ओढली, पोलादी पट्टी पाण्यात उभी धरली आणि वाचली.

"एक म्हनालात. हितं दोन हायत."

त्या रागावल्या नव्हत्या. "खोटं बोला," त्या म्हणाल्या, "पन बादलीपाशी नको. बादली मोजता येती."

नवीन माणूस प्रयोगशाळेत आला की त्या कोपऱ्यातला पाईप काढून ठेवत, हे मला तेव्हा कळलं. वर्षभर. मी दिवसभरात तिथे जे ओतत असे, ते संध्याकाळी मी गेल्यावर बाई तपासत आणि मगच गटारात जाऊ देत. सरांच्या नेमणुकीच्या वर्षीही बादली होती. त्यांना अजून माहीत नाही.

नंतर त्यांनी केलं ते पाहून मला पुन्हा भीती वाटली. बादलीतलं पाणी काचेच्या मोठ्या पात्रात घेऊन त्यांनी त्यात ॲसिड घातलं. इतके दिवस जे काढून टाकायचं होतं, तेच. पाणी फसफसलं. सोड्याचा वायू सगळा निघून जाईपर्यंत त्यांनी ते शेगडीवर उकळलं, निवू दिलं, आणि मग ताजा अमोनिया, थेंबाथेंबाने. ढग उठला, विरला. उठला, विरला. मी दाराला पाठ लावून उभी होते. सर आले तर त्यांना काय सांगायचं, ते मी ठरवलं होतं. त्यांना आत येऊ देणार नव्हते. अकराच्या सुमाराला एक ढग विरला नाही. कालच्या त्या निवळ पाण्यातून, जिथे मला काहीच दिसलं नव्हतं, बोटभर पिवळा साका खाली बसला.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"सोडा चालत न्हाई, ह्ये तुमाला आधी सांगायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हुतं."

मग का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. त्या नोकरीला लागल्या, तेव्हाच्या सरांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. सोडा घाला, फेस थांबला की ओता. दोन वर्षं प्रत्येक प्रयोगानंतरचं पिवळं पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच बेसिनमध्ये ओतलं. एकदा परीक्षा घ्यायला बाहेरचे कोणी आले होते, त्यांनी ते पाहिलं आणि समजावून सांगितलं. त्या दिवसापासून बरणी, आणि त्याच आठवड्यात बादली. होस्टेलचं बोअर त्यानंतर घेतलं. जागा ठरवायला माणसं आली, तेव्हा बाई तयारीच्या खोलीच्या याच खिडकीत उभ्या होत्या. इथे नको, असं त्यांना म्हणायचं होतं. का नको, असं कोणी विचारलं असतं.

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी इचारलं असतं, तुमाला कसं म्हाईत. मंग समदंच सांगावं लागलं असतं." त्यांनी मोजे काढून मांडीवर ठेवले. "तुमाला म्हनले हुते न्हाई का, मानसाला भिऊ नका. मी बी मानसालाच भ्याले. तीस वर्सं."

पाणी तपासून का घेतलं नाही, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मांडीवरचे मोजे सरळ केले. मग म्हणाल्या, "इचारलं की उत्तर येतं."

समिती आली आणि गेली. आमचं काम तिच्या आधी संपलं नाही. सरांना मी सांगितलं की आणखी आठ दिवस लागतील. वही छातीशी धरलेली होती, पण सांगितलं. ते माझ्याकडे जरा चकित होऊन बघत राहिले आणि निघून गेले. नेमणुकांची यादी अजून लागलेली नाही. पिवळ्या पावडरीचा डबा सीलबंद होऊन गाडीत गेला, तेव्हा बाई फाटकापर्यंत गाडीमागे चालत गेल्या.

त्या आठवड्यात मी बोअरच्या पाण्याची बाटली भरून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. बाईंना विचारून पाठवली. त्यांनी हो म्हणायला तीन दिवस घेतले.

उत्तर आलं ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, दुपारी. सभागृहात निरोपसमारंभ झाला, शाल दिली, सरांनी भित्री भागूबाईचा विनोद केला आणि सगळे हसले, बाईही हसल्या. मी त्यांना तयारीच्या खोलीत गाठलं. कोपऱ्यातल्या कपाटाची किल्ली त्या जुडग्यातून सोडवत होत्या. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी फोन पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"तुमी वाचलं?"

"हो. मर्यादेच्या खूप खाली आहे, बाई. पाणी प्यायला चांगलं आहे."

"शून्य हाय का?"

मी खोटं बोलू शकले असते. बादली तिथेच होती. "शून्य नाही. पण त्यांना मी फोन करून विचारलं. खडकातून थोडं येतंच, म्हणाले, शून्य सहसा कुठल्या बोअरला येत नाही."

फोन मी केला होता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजी त्यातलं खडकाचं कोन्तं आन माजं कोन्तं, ते न्हाई कळायचं."

"नाही."

त्यांनी पिशवी उचलली. शाल वर होती, तिच्या खालून स्टीलच्या बाटलीचं टोक दिसत होतं. पोचवायला येऊ का, मी विचारलं. नको म्हणाल्या, आणि गेल्या.

खिडकीतून मला त्या दिसत राहिल्या. फाटकाची वाट सरळ जाते. त्या मध्येच वळल्या, होस्टेलच्या बाजूला. नळावर चार मुली होत्या. मुली त्यांना पुढे होऊ देत होत्या, पण बाई आपल्या पाळीपर्यंत उभ्या राहिल्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, बाटली काढतील, घरी न्यायला भरून घेतील. त्यांनी बाटली काढली नाही. काळे बूट ओले होऊ नयेत म्हणून पाय मागे घेतले, वाकल्या आणि नळाखाली ओंजळ धरली. भरलेली ओंजळ तोंडाशी नेली आणि तिथेच थांबल्या. पाणी बोटांमधून गळत होतं. माझ्या मुठीत किल्ली होती, ती रुतत होती. ओंजळ जवळजवळ रिकामी होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

मग त्या उरलेलं पाणी प्यायल्या आणि त्यांनी ओंजळ पुन्हा नळाखाली धरली.